गंगाधर मास्तरांचा भागाकार

गंगाधर मास्तर गेले तेव्हा चाळीतले लोक म्हणाले, देवमाणूस होता. म्हणोत बापडे. मी त्यांच्या चौथीच्या वर्गात होते, मला विचारायला कुणी आलं नाही.

लालबागच्या आमच्या शाळेत त्यांचा भागाकार म्हणजे छळ होता. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, सगळं उजवीकडून करायला त्यांनीच शिकवलं. भागाकार आला आणि म्हणाले, डावीकडून. का, असं विचारणाऱ्याच्या कानाच्या पाळीत खडा धरून ते चिमटा काढत. भाग लावायला पाढा मधूनच आठवावा लागे. आम्हाला पाढे सुरात, पहिल्यापासून म्हटले तरच येत. मग मास्तर ओरडत, “दगडांनो, भागाकार म्हणजे सारखी वाटणी. एवढंही कळत नाही?”

नव्हतंच कळत. आमच्या चाळीत सारखं वाटलेलं पाहिलं होतं कुणी? आधी बापाला, मग पाळीवर जाणाऱ्या भावाला, मग पोरांना, आणि आईला तळाचं खरवडलेलं.

मास्तरांचं कुटुंब गावी. ते आमच्या शेजारच्या खोलीत, सुंदराबाईच्या खानावळीत जेवत. सुंदराबाई मालवणकडची, नवरा वारलेला, पदरात दोन पोरं. गिरणीतले लोक तिच्याकडे जेवायला असत. तिची नलू माझ्याच वर्गात होती, धाकटा वसंत एक वर्ग मागे. नलूला शिकून नर्स व्हायचं होतं, पण आईने बजावलं होतं, “नापास झालंस तर चुलीकडेच बसूचा लागात.”

पोर नापास होऊ नये म्हणून सुंदराबाईनेच एक तोड काढली होती. रविवारी सुरमई असली की मास्तरांच्या ताटात दोन तुकडे जास्त, तेही मधले. ते दोन दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून जात, बहुधा रात्रपाळीहून येणाऱ्या कोंडीरामच्या. वाढायचं काम नलूचं. मास्तरांनी कधी नको म्हटलं नाही. जेवता जेवता ते संयुक्त महाराष्ट्रावर बोलत. मोर्चात ते घसा बसेपर्यंत घोषणा देत. अन्याय हा शब्द त्यांच्या फार आवडीचा होता.

साठ सालच्या एप्रिलात तोंडी परीक्षा झाली. त्या दिवशी तपासणीला साहेब आले होते. मास्तरांनी हौसेने नलूला उभं केलं.

“सुरमईचे चोवीस तुकडे. जेवायला माणसं आठ. एकेकाला किती?”

आठ त्रिक चोवीस नलूला पाठ होतं. पण ती थांबली. डोळ्यांपुढे तिला पंगत दिसत असणार. मग अगदी मनापासून तिने विचारलं, “मास्तर, त्यात तुम्ही आहात का?”

साहेब खो खो हसले. कशाला हसायचं ते न कळताच आम्हीही हसलो. मास्तर लाल झाले. साहेबांची पाठ वळल्यावर त्यांनी नलूला अंगठे धरायला लावले आणि छडी मोडेपर्यंत तिच्या पाठीवर मारलं. नलू रडत एकच विचारत होती, “माझं काय चुकलं?” त्या माणसाला ते नक्की माहीत होतं, आणि म्हणूनच तो थांबत नव्हता.

राज्य झालं त्याच आठवड्यात निकाल लागला. नलू नापास.

सुंदराबाईने मास्तरांना एका शब्दाने जाब विचारला नाही. नलूला मात्र पळीने बडवलं. रविवारी सगळं लालबाग गुलालात न्हात असताना नलू चुलीपाशी भाकऱ्या भाजत होती.

मास्तर कपाळाला गुलाल लावूनच जेवायला आले. पाटावर बसत म्हणाले, “आता आपलं राज्य. आता सगळ्यांना सारखं.”

नलू सुरमईचं पातेलं घेऊन उभी राहिली आणि तिने आईकडे पाहिलं.

“बघतंस काय?” सुंदराबाई म्हणाली. “मास्तरांका दोन जास्त वाढ. आपलो वसंत आता त्यांच्याच वर्गात जातलो.”

नलूने वाढले. मास्तरांनी तुकडा बोटांनी उकलून काटा नाही ना ते पाहिलं आणि जेवायला लागले.

सगळे उठून गेल्यावर मायलेकरं बसली. पातेल्यात एकच तुकडा उरला होता. कुणी न सांगता नलूने तो धाकट्या वसंतच्या ताटात टाकला.

“त्याका शिकूचा आसा,” ती म्हणाली, आणि आपल्या भातावर नुसता रस्सा ओतून घेतला.