घरचोळ्याची आतली पट्टी

नरपडच्या आळीत हिरकणीकडे कुणी काही मागावं आणि तिने नाही म्हणावं असं सहसा होत नसे. चिकूची पाटी म्हणा, वाटीभर विरजण म्हणा, पापड लाटायला दोन हात म्हणा, ती देऊन मोकळी व्हायची. फक्त तिच्या रियाने दुसऱ्या कुणाचं कौतुक केलं की तिचा जीव जळायचा. बालवाडीच्या बाई रियाला फार आवडल्या, तेव्हा हिरकणीला त्या बाईंचं चालणंसुद्धा खटकू लागलं. मैत्रिणीच्या आईच्या हातची शेवभाजी मस्त होती, असं रिया एकदा जेवताना बोलून गेली, तर हिरकणीने त्यानंतर रोज शेवभाजी केली, घरातल्यांनी हात जोडेपर्यंत. नवरा गमतीने याला तिचं दुखणं म्हणायचा. दुखणंच होतं ते, आणि रियाचं लग्न ठरल्यावर चांगलंच बळावलं.

मुलगा तुषार तलासरीचा. घर गुजराती, नाक्यावर भांड्यांचं दुकान. रिया डहाणूच्या एका बँकेत कामाला, तिथेच दोघांची ओळख झाली. तुषारबद्दल हिरकणीची काही तक्रार नव्हती. जावई मुलगी नेतो हे तिने रिया जन्मली त्याच दिवशी गिळून टाकलं होतं. तक्रार होती ती त्याच्या आईबद्दल, दक्षाबेनबद्दल.

दक्षाबेन वाईट असती तर हिरकणीला फार सोपं गेलं असतं. पण ती मेली चांगली होती. हसतमुख, मोकळी, येताना डबा भरून हांडवो घेऊन येणारी. रिया तिला मम्मी म्हणायची. तिच्याशी गुजरातीत बोलायची, आणि बोलताना तिचा आवाजही बदलायचा, गोड व्हायचा. घरी हीच मुलगी 'आई, माझा चार्जर कुठेय' एवढंच बोलायची, तेही दुसऱ्या खोलीतून.

हिरकणीला गुजराती सगळं कळत होतं. चिकूच्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण विहीणबाईंसमोर ती काही कळत नसल्यासारखी बसायची. आपल्या पाठीमागे काय बोलतात ते आपल्या तोंडासमोरच ऐकायला मिळेल, असा तिचा हिशेब. पण त्या दोघी तिच्याबद्दल कधी वाकडं बोलल्याच नाहीत, आणि याचाही तिला राग आला.

दक्षाबेनच्या घरची रीत अशी, की नवरी मांडवात येते ती मामाने दिलेलं पानेतर नेसून. पांढरं रेशीम, लाल काठ. मग सासू तिच्या डोक्यावरून घरचोळं ओढते, लालभडक, जरीच्या चौकटींचं. पानेतर माहेरचं, घरचोळं सासरचं. पानेतराची खरेदी हिरकणीने भाऊ रतनला सोबत नेऊन आधीच उरकली होती. दुकानातल्या माणसाला तिने वात आणला. एकेक साडी उघडायला लावून ती स्वतःच्या गालावर फिरवून बघत होती, कारण रियाच्या कातडीला खरखरीत काही सोसत नसे. जरी आणि लेस तर मुळीच नाही. शाळेच्या गॅदरिंगला पोरीने गळ्याला टोचतंय म्हणून भर स्टेजवर लेसचा झगा काढून फेकला होता आणि नुसत्या पेटीकोटवर नाच पुरा केला होता. हिरकणीने शेवटी सगळ्यात मऊ पानेतर घेतलं आणि अख्ख्या आळीला घरी बोलावून दाखवलं.

आज घरचोळ्याची खरेदी होती. डहाणूच्या दुकानात पांढऱ्या गादीवर तिघी बसल्या, मध्ये रिया, दोन बाजूंना दोघी आया. हिरकणीच्या नवऱ्याने बायकांचं काम म्हणून वाडीचा रस्ता धरला होता. दुकानदाराने चहा मागवला. दक्षाबेन खुशीत होती. एकदा घरचोळं ओढलं की फेरे, फोटो, पाठवणी, सगळं त्याच्यातच होतं, असं ती आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत मुद्दाम हिरकणीला समजावून सांगत होती. हिरकणीने त्यातलं एवढंच ऐकलं, की आपलं पानेतर झाकून जाणार. रतनने घेतलेलं, आपण गालाने निवडलेलं पानेतर चार पावलं चालेल आणि मग कुणाला दिसणार नाही. तिचा चहा तसाच राहिला.

"हिरकणीबेन, तुम्ही पण बोला ने," दक्षाबेन म्हणाली.

तुमचं घरचोळं, तुमची पसंती, असं हिरकणीने ऐकवलं. वरून शब्द सरळ होते. रियाने मात्र चटकन आईकडे पाहिलं.

मग दक्षाबेनने पसंत केलं ते नेमकं किनारीला कडक जरीची लेस लावलेलं. उघडल्याबरोबर गादीवर ती लेस करकरली. हिरकणीच्या तोंडावर शब्द आले होते, की ही नको, हिला सोसत नाही. ते तिने गिळले. तिच्या मनात आलं, घे, अजून नटव. पोर आता गॅदरिंगसारखं काढून फेकेल, आणि मग हिला कळेल की मम्मी म्हणवून घेतलं म्हणून कुणी आई होत नाही.

दुकानदाराने आरसा धरला. दक्षाबेनने रियाच्या डोक्यावरून घरचोळं ओढलं, मानेपाशी नीट बसवलं आणि मागे सरून पाहिलं. हिरकणी वाट बघत राहिली. रियाचे खांदे जरासे आखडले. हे आखडणं हिरकणीला पाठ होतं, याच्यानंतर रडणं, मग ओढणं, मग फेकणं. पण रिया आरशात बघून हसली.

"केवुं लागे छे?" कसं वाटतंय ते दक्षाबेनने विचारलं.

"बहु सरस, मम्मी."

बराच वेळ ते तिच्या अंगावर होतं. दक्षाबेनने तुषारला व्हिडिओ कॉल लावला, त्याच्या बहिणीला दाखवलं, दुकानदाराने चार चांगल्या गोष्टी सांगितल्या. रिया सगळ्यांकडे बघून हसत होती आणि एका हाताने मोकळे केस मानेवर पुढे ओढत होती. घरचोळं उतरलं तेव्हा केसांच्या आड लाल पट्टा उठलेला हिरकणीला दिसला. फक्त तिलाच दिसला, कारण कुठे बघायचं ते तिलाच माहीत होतं.

दक्षाबेन फॉल-पिकोचं बोलायला गल्ल्याकडे गेली. रिया कोपऱ्यातल्या पाण्याच्या जारपाशी जाऊन रुमाल ओला करून मानेला लावत होती. हिरकणी तिच्यामागे गेली.

"सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? एवढ्या हौशीने घेतायत. त्यांना वाईट वाटेल."

"आणि मला वाटायचं नाही का? माझी आणलेली निम्मी कापडं तू फेकून दिलीस जन्मभर."

रिया जराशी हसली. "तुझं वेगळं. तू काय, आई आहेस."

झालं. वर्षभर हिरकणीला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकलं तर असं, पाण्याच्या जारपाशी. तिला बरं वाटलं नाही. चांगलं वागणं सगळं तिकडच्या घरी, आणि रडणं-फेकणं सगळं इकडे, अशी वाटणी झाली होती तर. पण रुमालाखालची मान लाल होती आणि लग्नाच्या दिवशी ही पोर तासन्‌तास हसत बसणार होती. आपण मघाशी तोंड उघडलं असतं तर हे टळलं असतं, हे हिरकणीला कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी सरळ सांगायला तिचं मन होईना. सांगितलं तर दक्षाबेन लगेच दुसरं घेईल, आणि पुन्हा चांगली तीच ठरेल. म्हणून तिने आडवाटेने सुरुवात केली. घरचोळं फॉल-पिकोला माझ्याकडे द्या, आमच्या आळीत पुष्पा फार सफाईने करते, असं ती गल्ल्यापाशी जाऊन म्हणाली. घरी नेऊन आतून काय करायचं ते गुपचूप करता आलं असतं. पण दक्षाबेनने मान हलवली. घरचोळं सासरच्या घरातून वाजतगाजत येतं, लग्नाआधी ते मुलीच्या घरी जात नाही, अशी त्यांची रीत होती.

आता दुसरी वाट राहिली नाही.

"तिला लेस सोसत नाही," हिरकणी म्हणाली. "लहानपणापासून. मान बघा."

दक्षाबेनने रियाचे केस बाजूला केले आणि तिचा चेहरा उतरला. ती हिरकणीकडे वळली.

"तुम्हाला तर माहीत होतं ने. मग मघाशी का नाही बोलल्या?"

दुकानदार खाली मान घालून घड्या घालू लागला. रिया आईकडे बघत होती. काहीतरी सांगता आलं असतं, लक्षात राहिलं नाही, वाटलं चालेल. पण हिरकणीला त्या क्षणी खोटं सुचलं नाही.

"मुद्दाम नाही बोलले. तुमचं काहीतरी चुकावं असं मला वाटत होतं."

दक्षाबेन गादीच्या काठावर बसली. रागावेल, उठून जाईल, असं हिरकणीला वाटलं. दक्षाबेनने घरचोळ्याची लेस बोटांत घेऊन दाबून पाहिली.

"ती तुम्हाला बोलली," ती हळू म्हणाली. "माझ्या समोर नुसती हसली. मी कितीही करू, मी पारकीच ने."

हे ऐकून हिरकणीला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याच्या आधी तिला जो आनंद झाला तो लपवायला तिला पदराने तोंड पुसावं लागलं.

दुसरं घ्यायला दक्षाबेन तयार होती, रिया नको म्हणत होती. लेस काढली तर घरचोळं बोडकं दिसेल, असं दुकानदाराचं म्हणणं. शेवटी हिरकणीनेच सुचवलं, की लेस राहू द्या, मानेला लागते तेवढ्या जागी आतून सुती पट्टी लावा. नव्या कापडाला खळ असते, तेही टोचेल, असं दक्षाबेन म्हणाली.

"माझ्याकडे आहे जुनं," हिरकणी म्हणाली. "आमच्याकडचं कापड तुमच्या घरी आलेलं चालतं ना?"

दक्षाबेनने क्षणभर विचार केला. याबद्दल काही रीत नव्हती.

घरी आल्यावर हिरकणीने ट्रंकेच्या तळातून एक विटलेली सुती साडी काढली. रिया तान्ही असताना हिचीच झोळी ओटीवरच्या वाशाला बांधलेली असायची, आणि दुसऱ्या कुणी झोका दिला की पोर टाहो फोडायचं. धुवून धुवून कापड सायीसारखं झालं होतं. हिरकणीने काठाजवळची धड जागा बघून पट्टी कापली, धुतली, वाळवली आणि दुसऱ्या दिवशी रियाबरोबर तलासरीला पाठवून दिली.

संध्याकाळी दक्षाबेनचा फोन आला. पट्टी लावून झाली होती, रियाने बसवून पाहिलं, काही टोचत नाही म्हणाली. "हिरकणीबेन, किती मऊ आहे हे. असं आता मिळतच नाही. कुठलं कापड आहे?"

हिरकणीने उरलेली साडी ट्रंकेत ठेवून झाकण लावलं.

"काही नाही हो," ती म्हणाली. "असंच, घरातलं जुनं."