तिचं लग्न ठरलंय

मुलाखत घेणारे हमखास विचारतात, "आजवर कुणालाच न सांगितलेली एखादी गोष्ट सांगा ना!" मी हसते आणि सांगते की मला पालीची भीती वाटते. कधी म्हणते, शूटिंगला जाताना पर्समध्ये शेंगदाण्याचा लाडू लागतोच. तेवढ्यावर लोक खूश होतात. पण जे खरोखरच कुणाला सांगितलेलं नाही – आईला नाही, ज्याच्याशी लग्न करायचं म्हणतेय त्यालाही नाही – ते आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? माहीत नाही. बहुधा तुम्ही मला मध्येच थांबवणार नाही म्हणून.

तुम्ही मला ओळखत असाल. चार सिनेमे, एक मालिका, आणि ती पहिली भूमिका – ऊस तोडणाऱ्या पोरीची – जिच्यामुळे बाकीचं सगळं मिळालं. त्यातला एक प्रसंग लोक अजून एकमेकांना पाठवतात. ती पोर ओढणीला पीळ देते, वेटोळं करून डोक्यावर चुंबळ ठेवते, उसाची मोळी उचलते आणि फळीवरून ट्रकवर चढते. तोंडातून शब्द नाही. त्यावर मला बक्षीस मिळालं. कुणीतरी लिहिलं की हा अभिनय मातीतून आलाय. मातीतून! चारठाण्याजवळ आमची चांगली बागायत आहे, आणि मला शेतात न्यायचे ते हुरडा खायला.

"हे कुठं शिकलात?" असं विचारलं की मी सांगते, आईकडून. माझ्या आईच्या डोक्यावर पदराशिवाय दुसरं काही मी कधी पाहिलेलं नाही.

पण हे खोटं त्यामानानं किरकोळ आहे. मी त्याच्या आड लपतेय – कळतंय मला.

सारिका माझ्या बाकावर बसायची. दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे, तीही जायची. परीक्षेच्या तोंडावर परत यायची आणि माझ्या वह्या उतरवून घ्यायची. तोडीच्या कामात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. सारिका म्हणायची, "मी अर्धा कोयता हाय," आणि स्वतःच हसायची.

बारावीच्या वर्षी पंधरा ऑगस्टला तिनं पाच मिनिटांचं काहीतरी करून दाखवलं. उसाच्या फडातली बाई, डोक्यावर मोळी, पाय फळीवर, आणि खाली झोळीत मूल रडतंय. मूल वरूनच ओरडून शांत करायचं आणि तोल सांभाळत चढायचं. मध्येच पाय घसरतो. मोळी नव्हतीच हो तिथं, पण बघणाऱ्यांनी माना ताठ धरल्या होत्या. मी भाषण केलं. पहिलं बक्षीस मला, दुसरं तिला. माझे वडील शाळेच्या समितीवर होते, वेगळं काय सांगायचं? त्या दिवशी मला तिचा राग आला. तिनं माझं काय वाईट केलं होतं? काही नाही. ती माझ्याहून चांगली होती, एवढंच.

आमच्या सरांनी तिचा व्हिडिओ काढला होता. तो या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिला. कुणी चौकशी केली तर सर माझा नंबर द्यायचे, कारण सारिकाच्या घरचा एकच फोन वडिलांबरोबर फडावर गेलेला.

मार्गशीर्ष होता. दुपारी मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, तेव्हा फोन आला. एक बाई होत्या, सिनेमासाठी मुलगी शोधणाऱ्या. फार मायेनं बोलत होत्या. सारिकाला भेटायचंय म्हणाल्या. पुढच्या रविवारी आम्ही परभणीला येतोय, ती येऊ शकेल का?

माझ्याकडे तिच्या वडिलांचा नंबर होता. हातात आठ दिवस होते. तिला एका दिवसाच्या प्रवासात येता आलं असतं. हे सगळं मला तेव्हाच माहीत होतं – मुद्दाम सांगतेय, कारण पुढं पुढं माणूस सोयीचं तेवढंच आठवतो.

मी म्हणाले, "तिचं लग्न ठरलंय. ती नाही येणार."

बाई म्हणाल्या, "अरेरे. हो का." बस्स. कुणाशी, कधी, पोरीचं वय काय – काही विचारलं नाही. ऊसतोडीवरची पोर म्हटल्यावर त्यांना ते लगेच पटलं. आणि ते पटणार हे मला माहीत होतं. आजारी आहे म्हटलं असतं तर त्या थांबल्या असत्या. मी असं कारण काढलं की ज्याच्यापुढं कुणी काही विचारत नाही.

मग मीच विचारलं, "मी आले तर चालेल का?"

गेले. सारिकानं केलं होतं तेच केलं. झोळीकडे टाकलेली नजर तिची, ओरडणं तिचं, घसरलेला पायसुद्धा तिचाच. त्यांना आवडलं. का नाही आवडणार?

फाल्गुनात ती परीक्षेला परत आली. गावातल्या जुन्या देवळाच्या पायरीवर आम्ही बसलो होतो. तिनं विचारलं, "सरांनी त्यो व्हिडिओ धाडला व्हता न्हवं? कुनाचा फोन आलता का ग?"

"न्हाई."

"बरं," ती म्हणाली. मग माझा हात धरून म्हणाली, "तुझं शिनेमाचं झालं ना, लय भारी झालं बग." आणि मराठीची वही मागितली.

इथंच थांबले असते तरी – पण नाही थांबले. चित्रीकरण पुढच्या हंगामात होतं आणि तिथं खरं ओझं उचलायचं होतं. मी तिलाच म्हणाले, मला शिकव. परीक्षा संपल्यावर आठ दिवस ती रोज दुपारी आमच्या खळ्यावर आली. कडब्याच्या पेंढ्या बांधून त्यांची मोळी केली. "ओढणी अशी पिळ. ढिली ठिवलीस की मान मोडती." मी चुकले की पुन्हा. कंटाळली नाही. जाताना आईनं दिलेल्या चहाचा कप विसळून ठेवायची.

मी कॅमेऱ्यापुढं चढत होते तेव्हा ती कुठल्यातरी फडात खरीच चढत असणार. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं. आता ती पूर्ण कोयता झाली. मी मनाशी किती वेळा म्हटलं, तसंही हेच झालं असतं. घरच्यांनी पाठवलं नसतं. आली असती तरी तिला घेतलंच असतं कशावरून? असेलही. पण ते मी कोण ठरवणार? नकार यायचा होता तर तो तिला यायला हवा होता. तो ऐकण्याचाही हक्क मी तिच्याकडून काढून घेतला.

बक्षीस मिळाल्यावर गावानं सत्कार ठेवला. व्यासपीठावर कुणीतरी तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं, आईकडून. समोर बायकांत सारिका बसली होती, मांडीवर लेक. मी पाहिलं होतं तिला. तरीही सांगितलं.

कार्यक्रम संपल्यावर ती जवळ आली. "लय बरोबर केलंस. फकस्त मोळी उचलताना तू डोळे मिटलेस. आमी मिटत न्हाई. मिटले की फळी दिसत न्हाई." मग लेकीच्या कानाशी वाकून, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्या मावशीला म्या शिकवलंय. पर कुनाला सांगायचं न्हाई, हां."

ती हसत होती. माझं खोटं सांभाळत होती. मला तिथं उभं राहवेना, मी फोटो काढणाऱ्यांकडे वळले.

जाता जाता तिनं नंबर दिला. आता तिचा स्वतःचा फोन आहे. मी दोनदा लावला. पोरगी कशी आहे, पाऊसपाणी कसं आहे, एवढं विचारून ठेवून दिला.

फोन आला होता. मार्गशीर्षात, दुपारी. तिच्यासाठीच आला होता.