जयादादासाठी होडीचा खेळ

दुपारी जेवून हेमलता आडवी होते, पण झोप धड येत नाही. हातात मोबाईल आहे. तिने तयार केलेला होडीचा खेळ संध्याकाळी दिव्यांगांच्या वसतिगृहात जायचा आहे. ज्यांची बोटं नीट हलत नाहीत, त्यांना खेळता यावा म्हणून केलेला. केला तोही थोरल्या भावाच्या, जयादादाच्या नावाने. त्याच्या अंगातली ताकद वर्षावर्षाने सरत गेली आणि तीन वर्षांपूर्वी तो गेला.

डोळा लागतो न लागतो, तोच जयादादा पायाशी बसलेला.

"दाखव बघू," म्हणतो.

ती दाखवते. बटण अर्ध्या पडद्याएवढं. बोट टेकलं की होडी चालते, उचललं की धक्क्याला थांबते. याहून सोपं ते काय असणार?

तो बोट टेकतो. फरशी ओली होते, आणि दोघं वडिलांच्या होडीत बसलेली असतात. खाडी भरून आलेली. धक्का जवळ येतो नि मागे जातो. काठावरची माणसं हातवारे करतात, होडी थांबत नाही.

"दादा, बोट उचल की."

"तू उचल. आजवर कोण उचलत होतं?"

तिला आठवतं. टीव्हीचा रिमोट असो की तिचा जुना फोन, दादा बटण दाबायचा आणि ती बोलता बोलता, ताटावरची माशी वारावी तसं, त्याचं बोट अलगद उचलून ठेवायची. बघायचीसुद्धा नाही. आणि सगळ्यांना सांगायची, आमचा दादा एकटा खेळतो.

"हात जड गो माझा. पडला की दाबला जायचा. उचलणं तुझं होतं."

"सांगायचंस तरी."

"मग विचारून उचललं असतंस. मला न विचारता उचललेलं बरं वाटायचं."

होडी आता स्वयंपाकघरातून चालली आहे. ओट्यापाशी तो बोट जरासं सरकवतो.

"एवढं जमतं. एवढ्यावर थांबू दे तिला."

हेमलता जागी होते. उजवा दंड अंगाखाली दबून हात बधिर झालेला, तळव्यात मोबाईलच्या कडेचा लाल वळ. बोट पडद्यावर टेकलेलं आणि होडी धक्क्यामागून धक्के सोडत चाललेली. ती बोट उचलू बघते. ते हलत नाही. डावा हात सवयीने मदतीला निघतो. ती तो वाटेतच आवरते आणि हाताला मुंग्या येईस्तोवर होडीकडे बघत राहते.

बोट जरासं सरकलं तरी होडी थांबायला हवी. आज खेळ पाठवायचा नाही.