कुलवृत्तांतातला जावई

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार हे कळलं तेव्हा सगळ्यात जास्त हुरळले ती मी. मूळ पुरुषापासून आजवर जन्मलेल्या प्रत्येकाची त्यात नोंद आहे, असं पहिल्याच पानावर छापलेलं आहे. प्रत्येकाची म्हणजे अर्थात मुलग्यांची. मुली लग्नापर्यंत पुस्तकात असतात, नंतर ‘विवाहित’ एवढा एक शब्द उरतो. या आवृत्तीत जावई आणि नातवंडंही घ्यायची, यासाठी मी दोन वर्षं ईमेलवर भांडले होते. अमेरिकेतल्या शाखेचं काम कॅलिफोर्नियात सांता क्लाराला राहणाऱ्या काकांकडे होतं. ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, चिप कंपनीतून रिटायर झालेले. शेवटी कंटाळून ते हो म्हणाले.

भांडले ते लेकीसाठी. ती चौदा वर्षांची आहे. तिचे बाबा कृष्णवर्णीय अमेरिकन, व्हर्जिनियाच्या दक्षिणेकडचे. आम्ही त्याच राज्यात, वॉशिंग्टनजवळ हर्नडनला राहतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिने एका काकूंना स्वच्छ मराठीत विचारलं, ‘काकू, पोह्यांचं पातेलं कुठे ठेवू?’ तर त्या तिला उत्तर न देता माझ्याकडे वळल्या. ‘अय्या, बोलते की गं. तूच शिकवलंस?’ पोपटाबद्दल विचारावं तसं. मी हसले, कारण मंडळात हसायचं असतं. घरी जाताना गाडीत लेक म्हणाली, ‘आई, शी नेव्हर टोल्ड मी कुठे ठेवायचं.’ त्या पुस्तकात तिचं नाव छापून आलं, की निदान आमच्या माणसांना तरी ही कोण असा प्रश्न पडणार नाही, असं मला वाटत होतं.

काकांचा फॉर्म आला. जावयाचं मूळ गाव, वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याही वरच्या जमतील तितक्या पिढ्या. नवऱ्याने भराभर लिहायला घेतलं आणि खापरपणजोबांपाशी थांबला. ते गुलाम म्हणून जन्मले. त्या काळच्या सरकारी कागदांत वर मालकाचं नाव असतं आणि खाली नुसती वयं, आणि बाई की पुरुष तेवढं. आडनावही त्या मालकाचंच, पुढे चिकटून राहिलेलं. मी मराठीत लिहिलं, ‘याआधीची नावे मिळत नाहीत, पूर्वज गुलामगिरीत होते,’ आणि फॉर्म पाठवून दिला.

महिन्याभराने प्रूफ आलं. आमच्या पानावरचा वंशवृक्ष भरगच्च. खापरपणजोबांच्या वर पाच पिढ्या आणि सगळ्यात वर इंग्लंडमधलं एक गाव. खाली टीप, ‘जावयांचे घराणे मूळचे इंग्लंडमधील, तंबाखूचे मोठे जमीनदार.’ काकांनी आडनाव आणि काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, इंटरनेटवर टाकून त्या मालकाचा वंशवृक्ष शोधून काढला होता, आणि तो माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर आणून ठेवला होता.

मी तिथल्या तिथे फोन लावला.

‘सरप्राइज होतं तुला,’ काका म्हणाले. ‘तीन वीकेंड घालवले मी. आडनाव तेच, काउंटी तीच. परफेक्ट मॅच.’

‘काका, ते मालक होते. याचे पूर्वज त्यांच्या शेतावर गुलाम होते. मी फॉर्मवर लिहिलं होतं तसं.’

‘वाचलं मी. पण कुलवृत्तांतात असलं कोण छापतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या पोरीच्या लग्नाचं बघायला लागशील तेव्हा...’

‘ती चौदा वर्षांची आहे.’

‘आणि रिकाम्या चौकटी बऱ्या दिसत नाहीत गं. सगळं ले-आउट बिघडतं. शुक्रवारपर्यंत काय ते सांग.’

काका वाईट नाहीत, हाच तर वैताग आहे. वाईट माणसाशी कडाकडा भांडता येतं. पण ज्याने तीन वीकेंड खपून, मायेने, माझ्या सासरच्या माणसांना पुसून टाकलं आणि त्या जागी त्यांचा मालक बसवला, त्याला बोलायचं तरी काय? वर त्याला शाबासकी हवी होती.

नवरा तरी चिडेल असं वाटलं. त्याने प्रूफ नीट पाहिलं. ‘हे खरंही असेल,’ तो म्हणाला. डीएनए टेस्टमध्ये त्याचा बराच हिस्सा इंग्लंडचा निघाला होता. ‘यांच्यातलाच कुणी खापरपणजोबांचा बाप असेल. त्यांच्या आईला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने तिच्या पोराला आपल्या घराण्यात कधी घेतलं नाही. तुझ्या काकांनी मात्र त्याला आमच्यात घेतलं.’ एवढं बोलून तो भांडी घासायला उठला. मला त्याचाही राग आला. तुला चीड कशी येत नाही, असं मी विचारलं.

‘मी जन्मापासून चिडतोय,’ तो म्हणाला. ‘आता जरा तू चिड.’

दुसऱ्या दिवशी लेक जुनी आवृत्ती घेऊन बसली. नोंदी कशा लिहितात ते तिला बघायचं होतं. मराठी ती अक्षरांवर बोट ठेवून वाचते. मूळ पुरुषाच्या इतिहासात एका वाक्यावर तिचं बोट अडलं. ‘त्यांच्या पदरी दोन घोडे, एक पालखी व चार कुणबिणी होत्या.’

‘आई, कुणबिणी म्हणजे?’

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. लग्नकार्याला चार माणसं जमली की कुणीतरी ते मोठ्याने वाचायचं, घराण्याची ऐपत सांगायला. ‘कामाच्या बायका,’ मी म्हटलं.

‘पगार होता?’

‘नाही.’

‘सोडून जाऊ शकायच्या?’

‘नाही. विकत घेतलेल्या असायच्या.’

‘मग तसं सांग ना,’ ती म्हणाली. ‘त्यांना मुलं होती?’

असणारच. धन्यापासून झालेलीही असणार. अशा मुलांना आपल्याकडे लेकावळे म्हणत. आमच्या घरी तो शब्द पोरांना रागावताना शिवीसारखा वापरायचे, अर्थ कुणी सांगायचं नाही. मी तिला तो सांगितला. तिने पहिलं पान उघडलं आणि ‘प्रत्येकाची’ या शब्दावर बोट ठेवलं.

‘मग ते कुठल्या पानावर आहेत?’

कुठल्याच नाही. दोन वर्षं पुस्तकात मुलींची मुलं नाहीत म्हणून मी भांडत होते आणि ही गोष्ट माझ्या डोक्यातसुद्धा आली नव्हती. काकांना नावं ठेवणारी मी, ते वाक्य ऐकताना माझीही मान ताठ व्हायची. मला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला, कुणावर ते मात्र कळेना.

काकांना परत फोन केला. मालकाचा वंशवृक्ष काढा, मी लिहिलं होतं ते छापा, आणि त्या चौघींना घोड्यांच्या रांगेतून काढून त्यांच्याविषयी दोन खऱ्या ओळी लिहा, असं सांगितलं.

‘तू ना, हट्टाला पेटली आहेस,’ काका म्हणाले. ‘पूर्वजांना हात लावायचा नाही. प्रूफ आहे तसं जाईल. पटत नसेल तर जुन्या पद्धतीने तुझ्या नावापुढे नुसतं ‘विवाहित’ घालतो. ठरव.’

मी लेकीला विचारलं. खरं सांगते, ती ‘असू दे आई, नाव तरी येतंय’ म्हणेल अशी मला आशा होती. दोन वर्षांची भांडणं अशी पाण्यात जाताना माझ्याने बघवत नव्हतं.

‘त्या माणसाच्या खाली माझं नाव नको,’ ती म्हणाली. ‘तू लिहून टाक त्यांना.’

गुरुवारी मी काकांना लिहिलं, आमची नोंद काढून टाका. पाच मिनिटांत उत्तर आलं. ‘ठीक आहे. आता पान नीट बसतंय.’ निदान एकदा तरी ते ‘नको, राहू दे’ म्हणतील, असं मला वाटलं होतं.