आल्मा मावशीच्या पाच गोळ्या

माझी आल्मा मावशी एक्याऐंशी वर्षांची आहे आणि बिळं करणाऱ्या भुईखारींशी तिचं हाडवैर आहे. अमेरिकेत, आमच्या मोंटाना राज्यात, या खारी गवताच्या शेतांची चाळण करतात. अशाच एका बिळात पाय मोडून मावशीची लाडकी घोडी गेली. तेव्हापासून बर्फ वितळलं की मावशी पॉइंट टू-टू रायफल घेऊन बांधावर बसते. एकदा तासाभरात तिने सव्वीस टिपल्या. सांगताना ती तीस सांगते.

काका गेले तेव्हा मावशीची लेक म्हणाली, एकटी राहू नकोस, बिलिंग्ज शहरात माझ्याकडे ये. मावशीने स्वतःच नियम काढला. दर एप्रिलमध्ये, खारी टिपायला बसण्याआधी, पन्नास पावलांवर कॉफीच्या डब्याचं झाकण टांगायचं आणि पाच गोळ्या झाडायच्या. तीन लागल्या तर वर्षभर शेतावर, नाहीतर मुकाट लेकीकडे. नऊ वर्षं ती शेतावरच आहे. साक्षीदार मी, तिचा भाचा.

यंदा पाचही हुकल्या.

"डोळे गेले रे, लायल," एवढंच म्हणाली आणि घरात जाऊन कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली. माझ्यापुढे तिने रुबार्बच्या आंबटगोड देठांचं सारण भरलेल्या ‘पाय’ची बशी ठेवली होती. मी बशी बाजूला सारली.

"रायफल तू घे," ती म्हणाली. "पण तिला उगाच घासत बसू नकोस."

"काळजी नको, मावशी. तू जानेवारीत आजारी होतीस ना, तेव्हाच मी ती लख्ख केलीय. ब्रश, तेल, सगळं. नळीत तोंड दिसेल!"

तिचे हात थांबले. "काय केलंस?"

"साफ केली."

"अरे गाढवा! ती काय तुझी हरणं मारायची बंदूक आहे? या नळीत शिशाचा नि मेणाचा थर बसलेला असतो, तो खरवडला की पहिल्या दहावीस गोळ्या वाट्टेल तिकडे जातात. मी वर्षातून एकदा कोरडी चिंधी फिरवते, बस! पंचावन्न वर्षांचा घोडा झालास, विचारायचं तरी!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रेमापोटी मी म्हातारीला घराबाहेर काढायला निघालो होतो.

"बघतोस काय? गोळ्या आण."

नळीत पुन्हा थर बसावा म्हणून वीस गोळ्या तिने मातीच्या ढिगात झाडल्या. मग झाकणाकडे वळली. मी दुर्बीण डोळ्याला लावली.

पहिली लागली. झाकण टण्णकन वाजलं. दुसरी हुकली. तिसरी वाजली. चौथीला मागे धूळ उडाली आणि वाऱ्याने झाकण हललं.

"लागली!" मी ओरडलो.

"खोटारड्या. वाजलं कुठे?"

मावशीने बाहीने डोळा पुसला, वारा पडायची वाट पाहिली. किती वेळ, कोण जाणे. मग बोट हललं.

टण्ण.

माझे डोळे भरून आले. मावशीने रायफल रिकामी केली, ती माझ्या हाती न देता स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि घराकडे निघाली.

"चल, त्या कपबशा कागदातून काढ आणि धू," ती मागे न बघता म्हणाली. "तुझा तो ब्रश तिथे वापर."