दोन बादल्या पाणी

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी विसरलो, पण पनवेलच्या त्या घोड्याचं प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं असतील. मी तिथे सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपवून टपाल बघत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ तणतणत आत आले. गावाबाहेर त्यांचा तबेला होता. तिथले घोडे रेसच्या दिवशी गाडीतून मुंबईला जात.

"ओळीने तीन रेस मारलेला माझा घोडा आता दोनदा शेवटून पहिला आला. त्याला कुणीतरी विष घालतंय!" ते म्हणाले.

घोड्याच्या रक्तात काही सापडलं नव्हतं. तरी फिर्यादीवरून जनावराला विष घालण्याचं कलम लावून गुन्हा नोंदवला. संशय कुणावर, असं विचारल्यावर त्यांनी मोतद्दाराचं, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याचं नाव घेतलं. पन्नाशीचा आगरी माणूस, वडिलांचं मिठागर केव्हाच सरकारी भूसंपादनात गेलेलं. नाव ऐकताच आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, हा तर आपल्या रेकॉर्डवरचा." तरुणपणी जमिनीच्या मोर्चात दगडफेकीवरून त्याला धरलं होतं. कोर्टाने सोडलं, पण ठाण्याच्या संशयितांच्या वहीत नाव राहिलं.

त्यातच खबर मिळाली. हमरस्त्यावर पंक्चर काढणारे एक चाचा आमच्या ओळखीचे होते. ते म्हणाले, "साहेब, खुदा की कसम, रेसच्या दिवशी घोड्याची गाडी माझ्या नळापाशी थांबते. तो मोतद्दार घोड्याला काहीतरी पाजतो."

झालं! मोतद्दाराला उचलून आणलं. एकही प्रश्न विचारण्याआधी मी त्याच्या कानाखाली लगावली. हे लिहिताना आज लाज वाटते. तो रेकॉर्डवरचा नसता, तर मी त्याला आधी बसायला खुर्ची दिली असती.

"मारा साहेब," तो म्हणाला, "पन मी त्याला जहर नाय दिलं." दुपारपर्यंत त्याच्याकडून हे एकच वाक्य निघालं.

मला एक कळेना, घोडा हरल्याने कुणाचं भलं होणार? पनवेलमध्येच एक निवृत्त हँडिकॅपर राहत. कुठल्या घोड्याने किती वजन घेऊन धावायचं, हे ठरवण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. त्यांना ठाण्यात बोलावलं.

"आम्ही प्रत्येक घोड्याला एक आकडा देतो," त्यांनी सांगितलं. "जिंकला की आकडा चढतो, आणि पुढच्या रेसला पाठीवर वजन वाढतं. खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालतात. हरत राहिला की वजन उतरतं. तगड्या घोड्याला आणि साध्या घोड्याला सारखी संधी मिळावी, एवढाच हेतू."

"आणि कुणी मुद्दाम हरवला तर?"

"तर सगळंच खोटं. घोडा जीव तोडून धावला, असं धरूनच आम्ही आकडा देतो."

आमचे हवालदार शेतकऱ्याच्या घरचे. बाजूला उभे राहून ते ऐकत होते. ते एकदम म्हणाले, "साहेब, आमच्याकडे शर्यतीच्या बैलाला धावण्याआधी पाण्याला तोंड लावू देत नाहीत. पोट डबडबल्यावर तो पळणार काय, कपाळ?"

मी उठलो. मोतद्दाराला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "नुसतं पाणीच ना रे?"

त्याने मान वर केली. डोळे भरलेले होते. "दोन बादल्या."

मग तो बोलत सुटला. "त्याचा पुढचा डावा पाय दुकतो, साहेब. सकाळी हात फिरवला का गरम लागतो. ट्रेनरला तीनदा बोललो. ते बोलले, तू डॉक्टर हायस का? तीन रेस जिंकला, तवा वजन वाढलं. आनखी जिंकला तर आनखी वाढनार. पाय मोडला का घोड्याला सुई देऊन मारतात. शिंगरू होता तवापासून मी त्याला हातान सांभाळलाय. हरला तर वजन उतरंल, येवढंच मना ठावं."

हँडिकॅपर तिथेच बसले होते. ते रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "अरे, तुझा घोडा हरला म्हणून दुसरा जिंकला ना? त्याचं वजन वाढलं. त्याचा पाय कसा आहे, ते पाहिलंस?"

मोतद्दार दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडला. "त्याचा मी इचारच नाय केला," एवढंच म्हणाला.

सरकारी पशुवैद्यकाकडून घोडा तपासून घेतला. पायाची शीर खरोखरच फाटत आली होती. पाणी म्हणजे काही विष नव्हे. फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल मी कोर्टात पाठवला. घोडा पुन्हा धावला नाही. मालकांनी त्याला तबेल्यातच मोकळा ठेवला, हे त्यांचं मोठेपण. मोतद्दाराची नोकरी मात्र गेली. लॉकअपमध्ये बसून आलेल्या माणसाच्या हाती घोडा कोण देणार? नंतर कुठल्याच तबेल्याने त्याला उभं केलं नाही.

बऱ्याच वर्षांनी बढतीवर मी पुन्हा पनवेलला आलो. एकदा जुनी वही चाळताना त्याचं नाव दिसलं. आता त्याखाली दोन नोंदी होत्या. पहिली दगडफेकीची. दुसरी, 'घोड्यास विषप्रयोग, संशयित'. अक्षर माझंच. अटकेच्या दिवशी लिहिलं होतं, आणि प्रकरण मिटल्यावर ते कमी करायचं मला सुचलंसुद्धा नाही. दुसऱ्या घोड्याचं ओझं वाढवून तो बेसावध राहिला, म्हणून आम्ही त्याला रडवलं होतं. मी तरी वेगळं काय केलं होतं? हरलेल्या घोड्याचं वजन उतरवण्याची रीत रेसवाल्यांकडे होती. आमच्याकडे कोर्टाने सोडलेल्या माणसाचंही उतरत नव्हतं.

दोन्ही नोंदी वगळण्याचा प्रस्ताव लिहिला, वरच्या कार्यालयात खेटे घातले आणि मंजुरी आणली. आदेशाची प्रत घेऊन मी स्वतः त्याच्या गावी गेलो. ओटीवर बसला होता, पार थकलेला. कागदात काय आहे ते मी वाचून दाखवलं आणि माफी मागितली. त्याने कागद हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि घडी घालून बाजूला ठेवला.

"बरं झालं, साहेब," तो म्हणाला. "पन वजन आता उतरवलंत. आता मी कुठं धावनार हाय?"