नापासबाईंनी नाकारलेली काच

सुनीती आगाशे यांच्यावर अन्याय झाला. कधी, तर गेल्या खंडेनवमीला, सकाळची आरती संपून पेढे वाटले जात असताना. कुणी केला तेही मला माहीत आहे, पण चौकशी चालू आहे आणि कारखान्याचं नाव लिहू नका म्हणून वकिलांनी बजावलंय. तेव्हा एवढंच लिहिते, की हिंजवडीच्या पुढे एक कारखाना आहे. तिथे लढाऊ हेलिकॉप्टरांना लावायच्या क्षेपणास्त्रांचे सीकर बनतात. सीकर म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकावरचा डोळा. लक्ष्याची उष्णता पाहून तो वाट काढतो. त्या डोळ्यावर घुमटासारखी, कोटिंगचा नाजूक थर दिलेली एक काच असते. ती पास की नापास, हे आगाशेबाई ठरवायच्या. अख्खा कारखाना त्यांना नापासबाई म्हणायचा. तोंडावर नाही अर्थात. तोंडावर सगळे ‘मॅडम, मॅडम’.

मी त्यांच्या हाताखाली कंत्राटावर लागले तेव्हा पहिल्याच दिवशी ओढणीच्या टोकानं चष्मा पुसला. बाईंनी मान वर केली. ‘‘अहो अमरावती, ओढणी आहे की पॉलिश पेपर?’’ गाव विचारून घेतल्यापासून त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारलीच नाही. माझ्या आईपेक्षा मोठ्या, पण आजतागायत अहोच. आधी वाटलं, मान देतायत. नंतर कळलं, पुण्यात अहो म्हणूनही माणसाला सोलून काढता येतं. त्या स्वतःचा चष्मा नळाखाली धुवायच्या आणि वाळेपर्यंत आंधळ्यासारख्या बसून राहायच्या. कोरडी काच पुसायची नाही. पुसली की धूळच तिच्यावर रेघा ओढते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची वेळ येऊ द्यावी अशा त्या नव्हत्या.

माल पाठवणारे लोक संध्याकाळी त्यांच्या दारात येऊन उभे राहायचे.

‘‘मॅडम, अंदाजे कधी होईल?’’

‘‘अंदाजे मीठ घालतात. तुम्ही बसा.’’

‘‘ओरखडा तर दिसत पण नाहीये, मॅडम.’’

‘‘तुम्हाला दिसत नाहीये. तुम्हाला उडायचंही नाहीये.’’

मी शस्त्रांच्या बाजूची नाही. तेव्हाही नव्हते, सुट्टीच्या दिवशी युद्धविरोधी पत्रकं वाटायचे, आणि पोट भरायला तिथे गेले होते हे लपवत नाही. कँटीनमध्ये एकदा चिडून म्हटलं, ‘‘बाई, तुमचं सगळं बरोबर असलं तरी शेवटी त्यानं माणूसच मरणार ना?’’ त्यांनी वरणात भात नीट कालवला, मग म्हणाल्या, ‘‘हो. आणि चूक असलं तर भलताच मरणार. तुमची पत्रकं वाटून हे सगळं बंद पडेल त्या दिवशी मी पेढे आणीन. तोवर मला काच बघू द्या.’’ मला पटलं नाही. अजूनही पटत नाही. पण त्या कारखान्यात मरणाऱ्या माणसाविषयी माझ्याशी बोललेल्या त्या एकट्याच.

खंडेनवमीला आमच्याकडे शेडमध्ये पूजा व्हायची. बाईंचा उत्साह बघावा. झेंडू आणायला आदल्या दिवशी स्वतः मार्केट यार्डात जायच्या, रांगोळी स्वतः घालायच्या. फक्त एक रीत त्यांनी घालून दिली होती. हळदकुंकू लागेल ते पान्यांना, यंत्रांना आणि नापास मालाला. वर्षभरात बाद केलेला एखादा देखणा सीकर निवडून त्या चौरंगावर मांडायच्या. ‘‘देवीला भाव पुरतो,’’ म्हणायच्या. ‘‘वैमानिकाला पुरत नाही.’’

या वेळी नवे संचालक आले. बरोबर पाहुणे, फोटोवाला. चौरंगावर बाद माल आहे हे कळल्यावर साहेबांचा चेहराच उतरला. नापास वस्तूची पूजा? अशुभ! बाई आरतीचं तबक आणायला गेल्या होत्या तेवढ्यात त्यांनी पाठवायला निघालेल्या पेटीतून एक पास झालेला सीकर काढून घेतला. बाई परत आल्या तोवर काचेवर ओल्या अंगठ्यानं ठसठशीत कुंकू लागलं होतं. फोटो निघाले, आरती झाली. मग साहेबांना वाटलं, आता स्वच्छ करून ठेवावं. त्यांनी खांद्यावरच्या रेशमी उपरण्याचं टोक घेतलं आणि वाळलेलं कुंकू खसाखसा पुसलं.

‘‘साहेब, हा नापास,’’ बाई म्हणाल्या.

‘‘अहो मॅडम, आज सणासुदीला तरी!’’ साहेब हसले. ‘‘देवीचा आशीर्वाद आहे त्याच्यावर.’’

‘‘आशीर्वाद असेल. कोटिंग गेलं.’’

पाहुण्यांसमोर. फोटोवाल्यासमोर. अख्खी शेड हातात पेढा धरून उभी होती. मी म्हटलं, ‘‘बाई बरोबर बोलतायत,’’ तर सुपरवायझरनं दंड धरून मला मागे ओढलं.

दुसऱ्या कुणाची तरी सही घेऊन तो सीकर पेटीत परत गेला आणि पेटी रवाना झाली. बाईंना घरी बसवलं. कारण काय, तर पूजेत व्यत्यय आणून सहकाऱ्यांच्या धार्मिक भावना दुखावल्या! ज्या बाईनं दरवर्षी त्या देवीसाठी झेंडू वाहून आणले, तिनं! आता चौकशीत सांगतात, पूजेला ठेवलेला सीकर बादच होता, काच कुणी पुसलीच नाही. फोटो सापडत नाहीत. माझं कंत्राट दसऱ्यानंतर संपवलं, आणि पत्रकं वाटणाऱ्या मुलीची साक्ष काय घ्यायची म्हणून मला दारातूनच परत पाठवलं.

परवा कात्रजला त्यांच्या घरी गेले. दार उघडल्या उघडल्या बाईंनी विचारलं, ‘‘साक्षीला कुणी तयार झालं?’’

‘‘नाही.’’

‘‘घाबरलेत हो. घरं आहेत त्यांना.’’

‘‘आणि तुम्हाला घर नाही वाटतं?’’

‘‘आहे ना. त्यातच तर बसवलंय मला.’’ त्यांनी चहा ठेवला. नोकरीबद्दल एक शब्द नाही. पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘‘अमरावती, तो परत मागवायला हवा. कुठल्या तरी हेलिकॉप्टरखाली लागेल तो. पण मागवणार कसा? आधी मी खोटं बोलत नाही हे सिद्ध व्हायला हवं.’’ चहा उतू गेला. त्यांच्या हातून असं काही झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

एका माणसाच्या साक्षीवर सगळं अडलंय. त्या दिवशी शेडमध्ये असलेली माणसं आकाशातून पडलेली नाहीत. ती तुमचे भाऊ आहेत, नवरे आहेत, वहिन्या आहेत, समोरच्या फ्लॅटमधले काका आहेत. घरी येऊन त्यांनी तुम्हाला हे हसत हसत सांगितलंही असेल. तर आज ताट वाढून झालं की त्यांना विचारा, साहेबांनी काच पुसली की नाही? विषय बदलू देऊ नका. ‘हो’ म्हणाले, तर चौकशी बंद व्हायच्या आत त्यांना साक्षीला घेऊन या. नुसते पाठवू नका, वाटेतून परत फिरतील. हाताला धरून तुम्ही स्वतः घेऊन या.